तिसऱ्या खुर्चीवरच्या बाई

आमच्या दवाखान्याच्या एक्स-रेच्या खोलीत दर शनिवारी दुपारी जिम्नॅस्टिक्सच्या परीक्षकांचा उद्धार होतो. मी दातांचा डॉक्टर. त्या खोलीच्या भिंतींत शिशाचा पत्रा असल्यामुळे आतला आवाज बाहेर जात नाही, आणि माझ्या बायकोचा आवाज ज्याने एकदा ऐकलाय त्याला ही केवढी सोय आहे ते वेगळं सांगायला नको.

ती स्वतः कॉलेजात असताना जिम्नॅस्ट होती. बीम हा तिचा प्रकार. हाताच्या रुंदीच्या त्या लाकडी पट्टीवर ती उलट्या कोलांट्या मारायची. मनगट दोनदा मोडलं आणि खेळ सुटला. मतं मात्र शाबूत राहिली. दिवसा ती माझ्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते आणि रविवारच्या पेपरात टोपणनावाने जिम्नॅस्टिक्सवर सदर लिहिते. शनिवारी ‘दहापैकी’ नावाचा कार्यक्रम रेकॉर्ड करून आम्ही तो इंटरनेटवर टाकतो. आम्ही म्हणजे ती बोलते, मी बटणं दाबतो. मध्येच एखाद्या वाक्याला मी दचकतो आणि विचारतो, “हे काढू का?” ती म्हणते, “उलट आवाज वाढवा.”

कॉलेजच्या स्पर्धांपासून आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदापर्यंत काहीही तिच्या तावडीतून सुटत नाही. पण चार वर्षांपासून तिचा खास राग होता तो एका परीक्षक बाईंवर. विद्यापीठाच्या अंतिम फेरीत आपल्या गावच्या कॉलेजची कॅप्टन बीमवर उतरली. चार परीक्षकांपैकी तिघांनी तिला नऊ पॉइंट पंच्याऐंशी दिले. तिसऱ्या खुर्चीवरच्या बाईंनी दिले नऊ पॉइंट पासष्ट. सरासरी घसरली, विजेतेपद केसाच्या अंतराने गेलं, आणि त्या शनिवारी शिशाचा पत्राही कमी पडला.

“त्या बाईंना समोर मुलगी दिसत होती की पलीकडच्या भिंतीवरचं घड्याळ?” ही माइकमध्ये गरजली. “दोन दशांश कुठे कापले, हे त्यांनी मला दाखवावं. मी तो व्हिडिओ मागेपुढे करून झिजवलाय. दाखवाच!”

परीक्षकांची नावं जाहीर करत नाहीत, म्हणून त्या बाईंचं नावच पडलं ‘तिसरी खुर्ची’. त्यानंतर कुठल्याही स्पर्धेत त्या दिसल्या, की कार्यक्रमात त्यांची हजेरी घेतली जायची. श्रोत्यांनाही चटक लागली. “या आठवड्यात तिसरी खुर्ची नाही का?” असे मेसेज यायचे. चार वर्षांत हिने त्यांचं एकदाच कौतुक केलं. एका विभागीय स्पर्धेत त्यांनी व्हॉल्टला, म्हणजे धावत येऊन टेबलावरून मारायच्या उडीला, नऊ पॉइंट नव्वद दिले, तेव्हा ही म्हणाली होती, “आज पहिल्यांदा तिसऱ्या खुर्चीने डोळे उघडे ठेवले. असंच ठेवावं.”

एवढं सगळं नीट चाललं होतं, आणि आमच्या चिरंजीवांनी लग्न ठरवलं.

मुलगा फिजिओथेरपिस्ट आहे, कॉलेजच्या संघाचे घोटे-गुडघे सांभाळतो. मुलगी जनावरांची डॉक्टर. आईला स्पर्धेला सोडायला आली होती, स्टेडियमच्या पार्किंगमध्ये पाय मुरगळला, आणि आमच्या मुलाने तो इतक्या काळजीने बांधला की पुढचे कित्येक दिवस पट्टी बदलायला भेटणं भाग पडलं. आम्हाला मुलगी एका भेटीतच आवडली. बोलायला स्पष्ट, हसायला मोकळी. वडील बोटीवर इंजिनिअर, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. आता तिच्या आईने आमच्याकडे चहाला यायचं ठरलं.

“आई काय करते तिची?” बायकोने कपाटातले चांगले कप काढता काढता विचारलं.

मुलगा म्हणाला, “तेच सांगायचं होतं. जिम्नॅस्टिक्सच्या परीक्षक आहेत.”

“अगं बाई!” ही खूशच झाली. “म्हणजे घरात बोलायला कुणीतरी आलं. फोटो बघू.”

मुलाने नाखुशीनेच फोन पुढे केला. बायकोने फोटो पाहिला. मग फोटो मोठा केला. मग हातातला कप बशीवर इतका हळू ठेवला, की मीच घाबरलो.

“अहो,” ती म्हणाली, “ही तिसरी खुर्ची आहे.”

“तुला कधीपासून माहीत होतं?” मी मुलाला विचारलं.

“पाय मुरगळल्यापासून,” तो म्हणाला. “बाबा, आईला आवरा एवढंच म्हणणं आहे माझं. तो विषय काढायचा नाही.”

“विषय न काढून काय उपयोग?” बायको मटकन खुर्चीत बसली. “मी ‘या, बसा’ म्हटलं तरी त्यांना कळेल. माझा आवाज एकदा ऐकला की लक्षात राहतो.”

हे मात्र खरं होतं. रिसेप्शनवरून ती ‘पुढचा पेशंट’ म्हणाली, की पलीकडच्या सलूनमधलं गिऱ्हाईक उठून उभं राहतं.

यापुढची कल्पना माझी. ती सुचली तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हे कबूल करायला हवं. मी म्हणालो, “तुझी अक्कलदाढ काढलीये. बोळा दाबून धरायचा, तोंड उघडायचं नाही. डॉक्टरांचा सक्त आदेश. आणि डॉक्टर घरचाच आहे.”

मुलाने माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिलं.

ठरलेल्या दिवशी पाहुण्या यायच्या आधी मी बायकोच्या गालात कापसाची एक जाडजूड गुंडाळी बसवली. गाल छान फुगला. तिने आरशात पाहिलं आणि मला काहीतरी म्हणाली. काय ते कळलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे प्रथमच घडत होतं.

मुलीला घेऊन बाई आल्या. उंच, सडसडीत, पाठ अशी ताठ की आमचा सोफा त्यांच्यापुढे पोक काढून बसल्यासारखा वाटू लागला. बोलणं मोजकं, पण कडू नाही. माझी बायको हात जोडून हसली. एका बाजूनेच हसली, कारण दुसऱ्या बाजूला कापूस होता.

“अरेरे, आजच दाढ काढली?” बाई म्हणाल्या. “मग आम्ही नंतर आलो असतो की. कुठली दाढ?”

“खालची,” मी म्हणालो.

“वरची,” त्याच वेळी मुलगा म्हणाला.

“दोन्ही,” मी म्हणालो. “एकाच वेळी उरकून टाकल्या.”

मुलगी, म्हणजे जनावरांची डॉक्टर, कापूस नसलेल्या बाजूने गरम चहा पिणाऱ्या माझ्या बायकोकडे जरा टक लावून पाहत होती. तिने चहाचा घोट घेतला, पण बोलली काही नाही.

पहिला अर्धा तास उत्तम गेला. बाई बोलल्या, मी बोललो, मुलं बोलली, आणि माझी बायको मान डोलवत राहिली. मला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि थोड्या संकोचाने विचारलं, “तुमची हरकत नसेल तर जरा टीव्ही लावता येईल का? आज बीमची आंतरराष्ट्रीय फायनल आहे. माझ्या कामाचाच भाग आहे तो.”

मुलाचा चेहरा पांढरा पडला. पण नाही कसं म्हणणार? टीव्ही लागला.

पडद्यावर एक ठेंगणी, चपळ मुलगी बीमवर चढली. बाई पुटपुटू लागल्या, जसं कुणी विणताना टाके मोजतं तसं. “गुडघा. एक दशांश. तोल, एक दशांश. इथे थांबली. जोड गेला.”

दोन कसरती न थांबता सलग केल्या तर जास्तीचे गुण मिळतात, मध्ये थांबलं की ते जातात. माझ्या बायकोच्या मते मुलगी थांबली नव्हती. “उं!” ती म्हणाली.

“दुखतंय का?” बाईंनी वळून विचारलं.

बायकोने जोरात मान हलवली, पडद्याकडे बोट केलं आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. जोडलेलं होतं, जोडलेलं!

“नाही हो,” बाई म्हणाल्या. “टाच टेकली, खांदे मागे गेले. थांबलीच.”

“उं-उं!” बायको उठून उभी राहिली. गालिच्याच्या कडेवर एक पाय पुढे टाकून तिने ती उडी अर्धी करून दाखवली. साडेपाच दशकांचा देह, तोंडात बोळा, आणि हात मात्र अगदी बोटांच्या टोकापर्यंत ताणलेले.

बाई बघतच राहिल्या. “तुम्हाला यातलं चांगलंच कळतं की!”

“आई कॉलेजात खेळायची,” मुलगा घाईघाईने म्हणाला. “आता काही संबंध नाही. अजिबात नाही.”

“बरं आहे,” बाई म्हणाल्या. “आजकाल ज्यांचा काही संबंध नाही तेच जास्त बोलतात. घरी बसून चहा पीत गुण वाटणारी मंडळी. माझ्याबरोबरची एक परीक्षक सांगत होती, आपल्याकडेसुद्धा कुणाचा तरी तसला कार्यक्रम आहे म्हणे. शंभरापैकी का काहीतरी.”

मी बायकोकडे पाहिलं. तिचा फुगलेला गाल लाल झाला होता.

“तुम्ही... ऐकता का तो?” मुलाने अडखळत विचारलं.

“छे! एकदाही नाही ऐकला. वेळ कुणाला आहे?”

झालं असतं की काम! आम्ही सगळे वाचलो होतो. बाईंना काहीच माहीत नव्हतं. आता फक्त चहा संपवायचा होता. पण चार वर्षं दर शनिवारी ज्यांना आपण धारेवर धरलं, त्यांच्या कानावर त्यातला एक शब्दसुद्धा गेला नव्हता, हा घाव माझ्या बायकोला कुठल्याही दाढेपेक्षा जास्त लागला. तिने गालात बोट घातलं, कापसाची गुंडाळी बाहेर काढली आणि बशीत ठेवली.

“दहापैकी!” ती म्हणाली. कप थरथरले. “शंभरापैकी नाही. दहापैकी!”

बाईंनी बशीतल्या, रक्ताचा ठिपकाही नसलेल्या कापसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “दाढ?”

“दाढा जागेवर आहेत,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

“मला माहीत होतं,” त्यांची मुलगी शांतपणे म्हणाली. “दाढ काढल्यावर कुणी इतका गरम चहा पितं का? मी कुत्र्यांचे दात काढते, काका. कुत्रंसुद्धा निदान दिवसभर तोंड पाडून बसतं.” आणि मग आमच्या मुलाकडे वळून, “तुझ्याशी मी नंतर बोलते.”

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझ्या बायकोने सगळं सांगून टाकलं. चार वर्षं, तिसरी खुर्ची, घड्याळ, सगळं. बाई ऐकत होत्या, चेहऱ्यावर रेषही हलत नव्हती. शेवटी त्या म्हणाल्या, “ऐकवा.”

“काय?”

“तो पहिला कार्यक्रम. बीमचा. मला ऐकायचाय.”

दवाखाना घराच्या खालीच आहे. आम्ही सगळे जिना उतरून एक्स-रेच्या खोलीत गेलो. “भिंतीत शिसं आहे, आवाज बाहेर जात नाही,” मी बाईंना सांगितलं. बसायला तिथे एकच खुर्ची, पेशंटची. बाई तीत बसल्या, आणि कुणाचा तरी पाय खालच्या बटणावर पडला असणार, कारण खुर्ची संथपणे मागे कलायला लागली. बाईंनी तक्रार केली नाही. छताकडे डोळे लावून, आडव्या पडून, त्यांनी स्वतःचा उद्धार पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. घड्याळाच्या वाक्याला माझ्या बायकोने डोळे मिटून घेतले. मुलगा दाराबाहेर जाऊन उभा राहिला. मी, सवयीने, बाईंच्या गळ्यात रुमाल अडकवावा की काय अशा विचारात होतो.

रेकॉर्डिंग संपलं. मी खुर्ची सरळ केली आणि मुलाला आत बोलावलं.

“कॅमेरा कुठे होता?” बाईंनी विचारलं.

“प्रेक्षकांच्या बाजूला,” बायको म्हणाली.

“आणि मी?”

“पलीकडच्या टोकाला.”

“उलट्या कोलांटीनंतर तिचा मागचा पाय घसरला. पडू नये म्हणून तिने टाच बीमच्या बाजूला दाबून धरली. क्षणभरच. माझ्याकडच्या बाजूला. त्याचे दोन दशांश जातात. बाकीच्या तिघांना त्यांच्या जागेवरून दिसलं नसेल, तुमच्या कॅमेऱ्याला तर दिसणं शक्यच नव्हतं. त्या मुलीला विचारा. तिला माहीत आहे.”

मुलाने लगेच फोन लावला, कॅप्टनचा घोटा त्यानेच बरा केला होता. तिकडून उत्तर आलं, तेही हसत हसत: हो, टेकवली होती टाच. कुणी विचारलंच नाही.

माझी बायको भिंतीला टेकून उभी होती. तिला असं निःशब्द मी कापसाशिवाय पाहिलं नव्हतं. मग ती म्हणाली, “चुकलं माझं. मी व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला, पण एकाच बाजूने पाहिला.”

“असू दे,” बाई म्हणाल्या. मग, “तुम्ही माझं कधी कौतुक वगैरे केलं होतं का?”

“एकदाच,” बायको उत्साहाने म्हणाली. “विभागीय स्पर्धेतला व्हॉल्ट! नऊ पॉइंट नव्वद. अचूक दिलेत. मी म्हटलं होतं, आज तिसऱ्या खुर्चीने डोळे उघडे ठेवले.”

बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांनी दाराकडे पाहिलं, दार लागलंय ना याची खात्री केली. “ही भिंत खरंच शिशाची आहे ना?”

“हो,” मी म्हणालो.

“मला शिंक आली होती.”

“काय?”

“मुलगी धावत आली, तिने टेबलावर हात टेकले, आणि मला शिंक आली. डोळे उघडले तेव्हा ती मॅटवर हात वर करून उभी होती. टाळ्या वाजत होत्या. पाय जुळलेले होते. मी शेजारणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दिले नऊ पॉइंट नव्वद. इतक्या वर्षांत एकदाच झालंय ते. आजवर नवऱ्यालाही सांगितलं नाही.”

आधी त्यांची मुलगी हसली. मग माझी बायको हसायला लागली, आणि तिचं हसणं म्हणजे तिचंच हसणं. बाहेर दवाखान्याच्या दाराशी उभा असलेला कुरिअरवाला पार्सल तिथेच टाकून पळाला. शेवटी बाईही हसल्या, पाठ ताठ ठेवूनच, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

लग्न मोडलं नाही. मुलाला मात्र त्याच्या होणाऱ्या बायकोने सुनावलं, आणि पुढे मलाही. “काका, खोटं बोलायचं तर निदान दोघांनी एकच दाढ ठरवायची.”

पुढच्या शनिवारी माझी बायको माइकसमोर बसली ती चेहरा गंभीर करून. बीमबद्दल आपण चुकलो, असं तिने स्पष्ट सांगितलं. टाच कुठे टेकली, कुणाला का दिसली नाही, सगळं समजावलं. शिंकेचं बोलली नाही. मग, प्रामाणिकपणा म्हणून, एवढंही सांगितलं की या परीक्षक बाई आता आपल्या विहीणबाई होणार आहेत.

मी विचारलं, “हे वाक्य काढू का?”

“नको,” ती म्हणाली. “लपवलं तर खोटं होईल.”

श्रोत्यांनी तिला धुऊन काढलं. विकली गेली. चहावर मॅनेज झाली. आधी सोयरीक आणि मग निकाल. एकाने तर लिहिलं, ‘काकू, घड्याळ आता तुमच्या भिंतीवर लागलं वाटतं.’ इतकी वर्षं ती छातीठोकपणे चुकीचं बोलली तेव्हा लोकांनी माना डोलावल्या, आणि एकदा खरं बोलली तर कुणी विश्वास ठेवेना. ती दोन दिवस फुरंगटून बसली. पेशंटना भलत्याच वेळा देऊन ठेवल्या.

विहीणबाईंनी फोन केला. “मी मेसेज वाचले सगळे. फारच उर्मट आहेत हो तुमचे श्रोते. पहिल्यापासून असेच होते का?”

“मीच शिकवलंय त्यांना,” बायको कण्हत म्हणाली.

“मग आता तुम्हीच निस्तरा,” विहीणबाई म्हणाल्या. पण त्यानंतर त्या दर आठवड्याला फोन करू लागल्या.

लग्न साधेपणाने झालं. बोटीवरचे व्याहीसुद्धा आले, मितभाषी गृहस्थ. माझी आणि त्यांची लगेच गट्टी जमली. विद्यापीठाची पुढची अंतिम फेरी आली, तेव्हा मुलाच्या लग्नाला काही महिने झाले होते. विहीणबाईंनी आयोजकांना नातं कळवलं, आणि आमच्या कॉलेजच्या गटाऐवजी दुसऱ्या गटाचं परीक्षण मागून घेतलं. बायकोने तिकीट काढलं ते मुद्दाम त्यांच्या पाठीमागच्या कोपऱ्यातलं, जिथून फक्त बीमचं टोक आणि एका मोठ्या पंख्याची जाळी दिसते. दिवसभर ती तिथे मान ताणून बसली होती.

परतताना आम्ही विहीणबाईंना घरी सोडणार होतो. त्या पुढे, माझ्या शेजारी बसल्या, बायको मागे. गाडी सुटल्याबरोबर बायकोने विचारलं, “त्या तिसऱ्या मुलीला कमी का दिलेत? अगदी स्वच्छ होतं की.”

“निकाल लागलेल्या स्पर्धेवर मी बोलत नाही,” विहीणबाई म्हणाल्या.

मग वाटभर बायको एकटीच बोलली. पायांची टोकं, उडीची उंची, उतरणं, सगळं. मी गाडी चालवत होतो. विहीणबाई समोर बघत होत्या, ओठ मिटून. त्यांचं घर आलं. त्या उतरल्या, पर्स खांद्याला लावली, दार धरून जरा वाकल्या आणि म्हणाल्या, “डावा गुडघा.”

दार लागलं, आणि त्या फाटकाकडे चालू लागल्या.

“डावा?” बायको ओरडली. “कुठला डावा? अहो, गाडी थांबवा! थांबवा म्हणते ना!”

गाडी थांबलेलीच होती. ती दार उघडून त्यांच्यामागे धावलीसुद्धा. मी इंजिन बंद केलं आणि सीट मागे कलती करून घेतली.